जलमहालाची जमाबंदी

झाक कूस्तो नावाचा फ्रेंच नौदल अधिकारी आणि एमिल गान्यां नावाचा अभियंता या दोघांनी १९४३ साली पाठीवरची दाबलेल्या हवेची टाकी आणि तोंडातली रबरी नळी यांची सांगड घालून मनुष्यप्राण्याला समुद्राखाली स्वच्छंद विहार करण्याची सोय करून दिली, त्यास आता ऐंशीहून अधिक वर्षे लोटली; परंतु एवढ्या प्रदीर्घ काळात पाण्याबाहेर राहिलेल्या माणसाच्या जिज्ञासेत मात्र तिळमात्र प्रगती झालेली नाही. बुडी मारून वर आलेल्या इसमास त्याचे आप्तस्वकीय आजही एकच प्रश्न विचारतात : ‘शार्क दिसला का?’ तो ‘नाही’ म्हणाला, तर सगळा खर्च अक्कलखाती जमा झाला असे समजून ते सहानुभूतीने मान हलवतात. आणि ‘हो, दिसला’ म्हणाला, तर त्याचे हातपाय जागच्या जागी आहेत, यामुळे त्यांची किंचित निराशा झाल्याचे स्पष्ट दिसते.

अंदमानास जाणाऱ्या मराठी प्रवाशाचे पहिले तीर्थ म्हणजे सेल्युलर जेल. १९११ ते १९२१ या काळात सावरकर जेथे बंदिवासात होते, तेथे नतमस्तक होऊन, आणि संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम पाहून सद्गदित झालेला हा प्रवासी दुसऱ्या दिवशी सकाळी जहाजाने हॅवलॉक बेटावर दाखल होतो. १८५७च्या उठावात इंग्रजांकडून लढून नाव कमावलेल्या एका सेनापतीचे नाव या बेटास होते. सरकारने २०१८ साली ते रद्द करून स्वराज द्वीप असे नामकरण केले, तथापि नावाड्यापासून खानावळवाल्यापर्यंत सर्वांच्या जिभेवर अद्याप जुन्याच साहेबाचा अंमल चालू आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांस सरकारने येथे जमिनी दिल्या. त्यांच्या गावांना गोविंदनगर, विजयनगर, राधानगर अशी श्रवणीय नावेही मिळाली. पण किनाऱ्यांची ओळख मात्र तीन नंबर, पाच नंबर आणि सात नंबर अशीच राहिली.

आमच्यासोबत आलेल्या रावसाहेबांना हे बेट प्रथमदर्शनीच आवडले ते या नंबरांमुळे. रावसाहेब म्हणजे जमाबंदी खात्यात हयात घालवून मामलेदारीवरून निवृत्त झालेले आमचे स्नेही. हद्द, कबजा, वहिवाट आणि फेरफार या चार शब्दांत जगातील यच्चयावत घडामोडींचा उलगडा होतो, अशी त्यांची श्रद्धा असून ती वयोमानानुसार दृढ होत गेलेली आहे. साठी उलटलेल्या या गृहस्थाने बुडी मारण्याचा रीतसर अभ्यासक्रम पुरा करण्याचे मनावर घेतले, तेव्हा आम्हास नवल वाटले. परंतु प्रवेशापूर्वी भरून द्यावयाचा प्रकृतिविषयक नमुना, त्यावर लागणारी डॉक्टरांची सही, आणि जिवाचे बरेवाईट झाल्यास संस्था जबाबदार नाही अशा आशयाचा कबुलीजबाब ही कागदपत्रे पाहून त्यांच्या मुद्रेवर जे समाधान पसरले, त्यावरून हा मनुष्य योग्य खात्यात आला आहे याविषयी आमची खात्री पटली.

बुडीशास्त्राचा पहिला नियम असा की श्वास कधीही रोखून धरू नये. दुसरा, कशालाही स्पर्श करू नये. तिसरा नियम छापलेला नसला तरी तोच मराठी माणसास सर्वांत जाचक होतो : तोंडात नळी असल्यामुळे बोलता येत नाही. पाऊण तासापर्यंत समोर जे दिसेल त्यावर मतप्रदर्शन न करता राहणे, ही तपश्चर्या आमच्याकडच्या भल्याभल्यांना साधलेली नाही. पाण्याखाली सर्व व्यवहार हातवाऱ्यांनी चालतो, आणि तेथे अंगठा वर करण्याचा अर्थ ‘छान’ असा नसून ‘मला वर न्या’ असा आहे. पहिल्याच बुडीत निळ्या-पिवळ्या माशांचा थवा पाहून रावसाहेबांनी संतोषाने अंगठा वर केला. प्रशिक्षक असलेल्या बंगाली तरुणाने त्यांना तत्परतेने पृष्ठभागावर आणून सोडले आणि ‘क्या हुआ अंकल?’ असे विचारले. हुकुमाची अंमलबजावणी एवढ्या तातडीने झालेली रावसाहेबांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. पुढे त्यांनी पाणबुड्यांसाठी मिळणारी प्लास्टिकची पाटी आणि दोरीने बांधलेली पेन्सिल मागून घेतली, आणि त्या दिवसापासून समुद्राच्या तळाशी शेरेबुक चालू झाले.

येथे दृष्टिभ्रमाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. मुखवट्याच्या काचेतून पाहताना प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे पाण्यातील प्रत्येक वस्तू एक-तृतीयांशाने मोठी आणि एक-चतुर्थांशाने जवळ भासते. त्यामुळे पाणबुडे अतिशयोक्ती करतात हा आरोप निराधार असून त्यांच्या अतिशयोक्तीस पदार्थविज्ञानाचा आधार आहे. उरलेली वाढ किनाऱ्यावर आल्यानंतर, चहाच्या दुसऱ्या कपाच्या सुमारास होते. तांबडा रंग तर पहिल्या काही मीटरांतच नाहीसा होतो, आणि हौसेने घेतलेला लालभडक पोशाख खाली गेल्यावर मळकट दिसू लागतो.

प्रवाळभित्तीवर प्रथम ज्याने आमची वाट अडवली तो तळहाताहूनही लहान असा एक डॅमसेल मासा होता. हा मासा खडकावरच्या एका तुकड्यावर आपल्या आवडीच्या शेवाळाची लागवड करतो, नको असलेले शेवाळ तोंडाने उपटून हद्दीबाहेर टाकतो, आणि त्या शेतात कोणी डोकावले, मग तो आपल्या शंभरपट मोठा पाणबुड्या का असेना, तर सरळ त्याच्या मुखवट्यावर धडक मारतो. रावसाहेब पाय हलवीत जागच्या जागी थांबले. तो मासा त्यांच्या काचेवर पुनःपुन्हा चाल करून येत होता, मध्येच मागे वळून आपले शेत शाबूत असल्याची खातरजमा करीत होता, आणि पुन्हा हल्ल्यावर रुजू होत होता. रावसाहेबांनी पाटीवर लिहिले : ‘कबजा वहिवाटीने शाबीत. कसेल त्याची जमीन.’ १९४८च्या कुळकायद्याची अंमलबजावणी करताना ज्यांचे केस पिकले, त्यांना त्या कायद्याचे तत्त्व समुद्रतळाशी एवढ्या शुद्ध स्वरूपात आढळावे, हा योग विलक्षणच म्हणावयाचा.

एकदा ही किल्ली हाती आल्यावर सारी प्रवाळभित्ती आम्हास वाचता येऊ लागली. खडकाच्या एका कोपऱ्यावर निळ्या पट्ट्याचा एक बोटभर मासा दुकान मांडून बसलेला असतो. त्यास क्लीनर रास म्हणतात. मोठमोठे मासे, एरवी ज्यांच्या जबड्यात तो घासभरही पुरू नये असे, त्याच्यापुढे येऊन निमूटपणे आपली पाळी येईपर्यंत तिष्ठत राहतात, कल्ले उघडतात, तोंड वासतात, आणि हा गृहस्थ त्यांच्या दातांच्या फटींतून, कल्ल्यांच्या आतून बाहेरून फिरून अंगावरचे परोपजीवी जंतू वेचून खातो. गावगाड्यातील बलुतेदाराची ही बिनतोड जोडी आहे. एवढेच की येथे बलुते सुगीपर्यंत थकत नाही, काम करता करताच वसूल होते. अर्थात तोही संत नव्हे. जंतूंपेक्षा गिऱ्हाइकाच्या अंगावरचा बुळबुळीत श्लेष्मा त्याला अधिक रुचतो, आणि संधी मिळताच तो त्याचा एखादा लचका उचलतो. गिऱ्हाईक दचकते, कधी रागाने त्याचा पाठलाग करते, तर कधी दुसऱ्या दुकानी निघून जाते. २०१९ साली जपानी संशोधकांनी या माशापुढे आरसा ठेवला. त्याच्या गळ्यावर, आरशाखेरीज दिसणार नाही अशा जागी, त्यांनी एक खूण केली होती. माशाने आरशात पाहिले, आणि तळाशी जाऊन गळा घासून ती खूण काढण्याचा प्रयत्न केला. मोठमोठ्या बुद्धिमान जनावरांना जी परीक्षा उत्तीर्ण होता आलेली नाही, ती या बोटभर माशाने पार पाडली, याचे शास्त्रज्ञांना आश्चर्य वाटले. रावसाहेबांना वाटले नाही. ‘अहो, ज्याचा धंदाच दुसऱ्याचे तोंड न्याहाळण्याचा, त्याला स्वतःचे ओळखू येणार नाही?’ असे ते म्हणाले.

या धंद्यास एक तोतयाही आहे. तोच रंग, तोच पट्टा, पोहण्याची तीच नाचरी ढब; पण जात निराळी, ब्लेनी कुळातली. विश्वासाने जवळ आलेल्या माशाच्या पराचा हा लचका तोडून पसार होतो. भाऊसाहेबांच्या तोतयाने पेशवाईत जेवढी खळबळ उडवली तेवढी येथे उडत नाही, कारण येथे कारस्थानी मंडळींचा पाठिंबा नसतो. अनुभवी मासे त्याला ओळखतात, आणि फसतात ती बहुधा कोवळी पोरे.

जवळच वाळूत गोबी नावाचा मासा आणि एक कोळंबी यांचा भागीदारीचा संसार चाललेला असतो. कोळंबीस नीटसे दिसत नाही, पण खणण्यात ती वाकबगार. गोबीला खणता येत नाही, पण नजर तीक्ष्ण. ती बिळातली वाळू अखंड उपसून बाहेर टाकीत असते, आणि बाहेर येताना आपली एक मिशी गोबीच्या अंगावर ठेवते. त्याने शेपटी थरथरवली की धोका समजून आत पळते, आणि मागोमाग तोही. एकत्र कुटुंबातील वाटणीच्या दाव्यांचे गठ्ठे ज्यांनी वाचले आहेत त्यांना लेखी कराराविना चाललेले हे सहजीवन पाहून भरून येणे साहजिक होते. पाटीवर नुसते ‘तक्रार नाही’ असे उमटले.

हे सर्व पाहून समुद्रतळी शांतता आणि सुव्यवस्था नांदते असा कोणाचा समज झाला असेल, तर त्याने टायटन ट्रिगर नावाच्या माशास भेटावे. शार्कचे भय बाळगणाऱ्या पाणबुड्यांना प्रत्यक्षात चावतो तो हा. लांबी पाऊण मीटरपर्यंत, दात शंख फोडण्याजोगे, आणि स्वभाव जुन्या मिरासदाराचा. वाळूत अंडी घातली असता हा मासा घरट्याभोवतीच्या जागेवर मालकी सांगतोच, पण त्याचे समाधान तेवढ्याने होत नाही. त्याची हद्द घरट्यापासून वर वर नरसाळ्यासारखी रुंदावत पृष्ठभागाकडे जाते. म्हणून भेदरलेला पाणबुड्या सरळ वर पळू लागला, तर तो प्रत्येक वावेगणिक त्याच्या मालकीच्या अधिकाधिक जागेत अतिक्रमण करीत जातो आणि पाठलाग सुटत नाही. पळायचे ते आडवे. जमिनीच्या मालकास वरच्या आकाशाचीही मालकी असते, हे तत्त्व कायद्याच्या पुस्तकांतून आहे. त्याचा एवढा काटेकोर अंमल करणारा खातेदार रावसाहेबांस प्रथमच भेटला. त्यांचा एक पायपंखा टोकाशी कुरतडला गेला, आणि संस्थेने त्याची भरपाई मागितली.

अष्टपाद प्राणी, ज्याला आपण ऑक्टोपस म्हणतो, त्याच्याविषयी पुष्कळ लिहिण्यासारखे आहे : हृदये तीन, रक्त निळे, रंग पालटण्याची हातोटी अशी की समोरचा खडक हलला म्हणावे. परंतु आमच्या स्नेह्यांना भावली ती त्याची राज्यपद्धती. त्याच्या मज्जापेशींपैकी सुमारे दोन-तृतीयांश मस्तकात नसून आठ हातांत विखुरलेल्या आहेत, त्यामुळे प्रत्येक हात बऱ्याच बाबतींत सदरची परवानगी न घेता परस्पर निकाल देतो. सत्तेच्या विकेंद्रीकरणावर आयुष्यभर परिपत्रके वाचलेल्या माणसाने याहून समर्पक उदाहरण मागू नये.

आता समुद्रकाकडी. हा प्राणी पाहण्यासाठी कोणी विमानाचे तिकीट काढीत नाही, आणि छायाचित्रांतही तो कोणी टाकीत नाही. कारण वाळूवर निपचित पडलेला, वीतभर लांबीचा, मळकट रंगाचा हा ऐवज प्राणी आहे असे सांगावे लागते. वाळू खाऊन तिच्यातला सेंद्रिय अंश पचवावा आणि स्वच्छ वाळू बाहेर टाकावी, हा त्याचा अहोरात्र उद्योग. श्वासोच्छ्वास तो गुदद्वाराने करतो. ही जागा काही मोती माशांनी हेरली असून ते दिवसा त्याच मागील दाराने, शेपटी आधी आत सारून, समुद्रकाकडीच्या उदरात पोटभाडेकरू म्हणून राहतात, आणि रात्री चरावयास बाहेर पडतात. मालकास दार बंद ठेवता येत नाही, कारण बंद ठेवले तर त्याचाच श्वास कोंडतो. काही जातींचे भाडेकरू तर भाडे देण्याचे दूरच, घरमालकाचे अंतर्गत अवयव कुरतडून उदरनिर्वाह करतात. मुंबईच्या भाडेनियंत्रण कायद्याने पोळलेल्या घरमालकांनी ही हकीगत जरूर वाचावी. आपल्याहून दुःखी प्राणी जगात आहे, एवढा दिलासा त्यांना मिळेल. चीनमध्ये समुद्रकाकडीला मेजवान्यांत मोठा मान असल्याने तिची चोरटी निर्यात होऊ लागली, आणि आपल्या सरकारने २००१ साली तिला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंगतीस, नेऊन बसवले. रूपावरून पदोन्नती मिळत नाही, हा समज एवढ्यापुरता तरी खोटा ठरला.

पोपटमाशाचे स्थान मात्र आर्थिक दृष्ट्या सर्वश्रेष्ठ मानावे लागेल. चोचीसारख्या दातांनी तो प्रवाळखडक कुरतडतो. तो कुरतडण्याचा खरखर आवाज पाण्याखाली स्पष्ट ऐकू येतो. त्यातले शेवाळ पचवून उरलेला चुना तो बारीक वाळूच्या रूपाने विसर्जित करतो; एक मोठा पोपटमासा अशी शेकडो किलो वाळू वर्षाला तयार करतो. उष्ण कटिबंधातील प्रवाळबेटांवरच्या शुभ्र किनाऱ्यांची बरीचशी वाळू या मार्गाने आलेली असते. नवविवाहित जोडपी ज्या धवल वालुकेवर एकमेकांची नावे बोटाने लिहितात, तिचे मूळ ऋषीच्या कुळाइतकेच न विचारलेले बरे. २००४ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने या बेटावरील राधानगरच्या किनाऱ्यास आशियातील सर्वोत्तम ठरवले; अशा प्रशस्तिपत्रांत माशांच्या पचनसंस्थेचा उल्लेख करण्याची पद्धत नाही.

आणि शार्क? तोही दिसला. पांढऱ्या टोकाच्या परांचा तो शार्क एका कपारीखाली, वाळूवर पोट टेकून, दुपारच्या वेळी सरकारी कचेरीत ज्या तन्मयतेने विश्रांती घेतली जाते त्या तन्मयतेने पडून होता. ही जात निशाचर. दिवसा तिला कशाचेच सोयरसुतक नसते. मालवणात मोरी नावाने याच्या भाईबंदांचे कालवण होते, ही आठवण आमच्यापैकी एकाने वर आल्यावर काढली, ती मात्र औचित्यास धरून नव्हती. समुद्री क्रेट नावाचा, काळ्या-निळसर पट्ट्यांचा सर्पही या पाण्यात विपुल आहे. त्याचे विष अतिजहाल, आणि वृत्ती अशी सौम्य की तो पाणबुड्यांच्या मधून, कोणाकडे ढुंकूनही न पाहता, श्वास घेण्यास वर जातो आणि तशाच निर्विकारपणे परततो. अंडी घालण्यास त्याला जमिनीवर यावे लागते, त्यामुळे दोन्ही ठिकाणचा रहिवासी म्हणून त्याची नोंद करावी लागेल. ज्यांची भीती बाळगून आपण खाली जातो ते बहुधा असेच निरुपद्रवी निघतात, आणि खरा उपद्रव तळहाताएवढे शेत राखणाऱ्याकडून होतो. महसूल खात्यातही हाच अनुभव असल्याचे समजते.

अंदमानचा राज्यप्राणी डुगाँग. समुद्रगवतावर चरणारा हा स्थूलदेही, मंदगती सस्तन प्राणी दृष्टीस पडणे हे भाग्याचे लक्षण आहे, कारण त्यांची संख्या फार घटलेली आहे. याच्याच जातभाईंना पाहून खलाशांना मत्स्यकन्येचा भास होत असे. कोलंबसाने १४९३ साली अटलांटिकापलीकडे असे प्राणी पाहिले आणि चित्रांत दाखवतात तितक्या या सुंदर नाहीत अशी नोंद केली; महिनोन्‌महिने जहाजावर राहिलेल्या माणसाचा हा अभिप्राय असल्याने तो उदारच समजला पाहिजे. डुगाँगचे जवळचे नाते देवमाशाशी नसून हत्तीशी आहे. आणि हॅवलॉकच्या पाण्यात कैक वर्षे खरोखरीच एक हत्ती पोहत असे. लाकूडतोडीच्या कामासाठी अंदमानात आणलेल्या हत्तींपैकी राजन हा एक. ते काम बंद पडल्यावर तो या बेटावर राहिला, समुद्रात पोहण्याची सवय त्याने सोडली नाही, आणि सोंड पाण्यावर धरून, चार खांबांसारखे पाय निळाईत हलवीत चाललेल्या त्या गजराजाची खालून छायाचित्रे घेण्यासाठी देशोदेशींचे पाणबुडे येऊ लागले. निवृत्तीनंतर छंद जोपासणाऱ्या या नोकराविषयी रावसाहेबांना विशेष जिव्हाळा वाटला. राजन २०१६ साली वारला. सेवापुस्तकात त्याच्या पोहण्याची नोंद कोणत्या रकान्यात घेतली असेल, हा प्रश्न त्यांना अद्याप सतावतो.

या सर्व महालाचा मूळ जमीनमालक मात्र प्रवाळ. त्याच्या इवल्या देहात सूक्ष्म शैवाल कूळ म्हणून राहते, सूर्यप्रकाशावर अन्न पिकवते, आणि त्यातला फार मोठा वाटा मालकाच्या पदरात घालते. प्रवाळाचे रंगही बहुतांशी त्या कुळाचेच. पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा अंशभर जरी अधिक तापले, तरी हा व्यवहार बिघडतो, मालक कुळाला घराबाहेर काढतो, स्वतः पांढरा फटक पडतो आणि उपाशी राहतो. अंदमानात १९९८ साली आणि पुन्हा २०१० साली असे मोठ्या प्रमाणावर घडले. कूळ वेळेत परतले तर प्रवाळ वाचतो. न परतल्यास तो मरतो, आणि मग आमच्या त्या तळहाताएवढ्या शेतकऱ्यापासून मिरासदारापर्यंत सर्वांची वतने बुडतात. पाण्याची ती उष्णता कोणाच्या कारभारातून वाढते आहे, हे येथे वेगळे सांगत नाही. त्या प्रकरणी आपण सारेच प्रतिवादी आहोत.

जाण्याचा मनसुबा असलेल्यांनी पावसाळा टाळावा, परतीच्या विमानापूर्वी निदान अठरा तास बुडी मारू नये, आणि मराठी मुलखातच सराव करावयाचा असल्यास मालवणजवळ तारकर्लीस तशी सोय आहे. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा सुरेख तुकडा देव्हाऱ्यात किंवा शोकेसमध्ये शोभेल म्हणून बॅगेत घालू नये. जिवंत असो वा मेलेला, प्रवाळ बाळगणे हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे, अंदमानच्या विमानतळावर सामानाची तपासणी होते, आणि ‘ठाऊक नव्हते’ हा जबाब तेथे ग्राह्य धरीत नाहीत.